नदीच्या एका काठाला माणसं मरायची, दुसऱ्या काठाला नाही. गोचिडीच्या तापामागे लागलेल्या रिकेट्सची गोष्ट

ओतूरकडून माळशेज घाटाकडे निघालं की पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसायला लागतं आणि पुढे मढ लागतं. पावसाळ्यात घाटाकडे पळणाऱ्या गाड्यांना मढ म्हणजे चहा-भजीचा थांबा. पण जुन्नर तालुक्यातल्या या भागात कुणाच्याही गोठ्यात जा, गाईच्या कानामागे, शेपटीखाली, कासेच्या बाजूला हात फिरवा. बोटाला काहीतरी टणक लागतं. गोचीड. रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली.

गोचीड ताप हा शब्दही दूधवाल्या शेतकऱ्यांना नवा नाही. त्यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे थायलेरिओसिस. गंमत बघा, गोठा एक, गोचीडही एकाच जातीची, पण संकरित गाय वैरण सोडते, अंग तापतं, दूध आटतं आणि डॉक्टरला उशीर झाला तर गाय हातची जाते. शेजारच्या दाव्याला बांधलेली गावठी गाय मात्र बऱ्याचदा निवांत रवंथ करत बसलेली असते.

म्हणजे रोग तोच, पण एकाला मारतो आणि दुसऱ्याला सोडतो. असं का?

गोठ्यात याचं उत्तर गाईच्या जातीत मिळतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका खोऱ्यात हाच प्रश्न माणसांच्या बाबतीत पडला होता. तिथे जात, खाणंपिणं, राहणीमान सगळं सारखंच होतं. तरी एका ठिकाणी ताप आलेल्या शंभरातली सत्तर-ऐंशी माणसं मरायची आणि दुसऱ्या ठिकाणी पाचसुद्धा नाही. या तापाच्या मागे जो माणूस लागला त्याचं नाव हॉवर्ड टेलर रिकेट्स. आज डॉक्टरांच्या तोंडी आणि रक्ताच्या रिपोर्टवर रिकेट्शिया हा शब्द असतो तो याच्याच नावावरून आलाय.

रिकेट्सचा जन्म ९ फेब्रुवारी १८७१ चा, ओहायो राज्यातल्या फिंडले गावचा. घर बऱ्यापैकी खातंपितं होतं. पण १८९३ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली, बँका बुडाल्या आणि रिकेट्सच्या घरचीही घडी विस्कटली. पोरगं तेव्हा कॉलेजात होतं. १८९४ ला त्याने नेब्रास्का विद्यापीठातून पदवी घेतली आणि १८९७ ला शिकागोत डॉक्टर झाला. पैसे कमवायला दवाखाना टाकणं हा सरळ रस्ता होता. याने तो सोडला आणि प्रयोगशाळा धरली.

सुरुवातीला तो त्वचेच्या एका बुरशीजन्य रोगावर काम करत होता. रोगाचा परिणाम बघायला त्याने स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेतले होते, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. १९०० साली मायरा टब्स हिच्याशी लग्न झालं. मग काही काळ युरोपात शिक्षण आणि १९०२ पासून शिकागो विद्यापीठात नोकरी. १९०६ ला रोगप्रतिकारशक्तीवर त्याचं जाडजूड पुस्तकही आलं. एकूण काय, पस्तिशीतच गाडी रुळावर होती.

त्याच वर्षी तो मोंटानाला गेला.

बिटररूटचं खोरं

मोंटाना हे अमेरिकेच्या वायव्येकडचं डोंगराळ राज्य. तिथे बिटररूट नावाची नदी वाहते. खोरं देखणं, जमीन कसदार आणि नव्याने वस्ती होत असलेली. फक्त एक भानगड होती. दरवर्षी वसंत ऋतू आला, बर्फ वितळलं की काही लोकांना भयंकर ताप यायचा. डोकं फुटायची वेळ यायची. दोन-चार दिवसांत मनगटावर आणि घोट्यावर लालसर ठिपके उठायचे, ते सगळ्या अंगभर पसरून काळपट पडायचे. दुसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेक रोगी गेलेला असायचा. लाकूडतोडे, मेंढपाळ, शेतकरी, त्यांची बायकापोरं, कुणीही सुटत नसे.

रोगी तसे मोजकेच असायचे, पण वाचण्याची शक्यता इतकी कमी की नुसत्या नावाने लोक हादरायचे. याला ठिपक्यांचा ताप म्हणत. पुढे रॉकी माउंटन स्पॉटेड फिव्हर हे नाव पक्कं झालं.

खरं विचित्र तर पुढेच आहे. हा ताप नदीच्या पश्चिम काठाला व्हायचा. पूर्व काठाला जवळपास नाहीच. मधे नदी ती केवढी, आणि माणसं तर रोज इकडून तिकडे जायची. बरं, शेजारच्या आयडाहो राज्यातही असाच ठिपक्यांचा ताप होता, पण तिकडचे डॉक्टर त्याला फार भीत नव्हते, कारण रोगी बहुधा उठून कामाला लागायचा. किती भीत नव्हते याचा एक किस्साच आहे. १९०५ साली तिथल्या दोन डॉक्टरांनी रोग्याच्या छातीवरून काढलेली गोचीड एका कैद्याला, त्याची संमती घेऊन, चावू दिली. नंतर तीच गोचीड एका बाईलाही लावली. दोघांना ताप आला आणि दोघं बरे झाले. हाच प्रयोग बिटररूटच्या पश्चिम काठाला झाला असता तर काय झालं असतं, याची कल्पनाच केलेली बरी.

कुणी म्हणे डोंगरातून येणारं बर्फाचं पाणी प्यायल्याने ताप येतो, कुणी लाकडाच्या भुशाला दोष देई. १९०२ साली विल्सन आणि चाउनिंग या दोन संशोधकांनी गोचिडीवर बोट ठेवलं होतं. पण त्यांनी सांगितलेला जंतू चुकीचा निघाला आणि त्याबरोबर गोचिडीची गोष्टही बाजूला पडली.

तंबूतली प्रयोगशाळा

१९०६ च्या वसंतात रिकेट्स मिझुला गावात उतरला. तिथल्या दवाखान्याच्या आवारात तंबू ठोकला, आत गिनिपिग आणि माकडं ठेवली आणि काम सुरू केलं.

पहिलं काम, रोग्याचं रक्त गिनिपिगला टोचून ताप येतो का बघणं. आला. याचा फायदा मोठा होता. आता माणसाच्या जिवाशी न खेळता रोग एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येणार होता. मग त्याने आजारी गिनिपिगवर गोचीड लावली, तिला पोटभर रक्त पिऊ दिलं, नंतर ती काढून धडधाकट गिनिपिगवर सोडली. तो आजारी पडला. गोचीड न लावलेले शेजारचे प्राणी मात्र ठणठणीत राहिले. प्रश्न मिटला, रोग गोचीडच पसरवते. सरकारी आरोग्य सेवेतला किंग नावाचा डॉक्टरही त्याच वर्षी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आला होता.

पण रिकेट्स तिथे थांबला नाही आणि त्याचं मोठेपण इथेच आहे. गोचीड वर्षभर माणसावर बसत नाही, मग मधल्या काळात रोग राहतो कुठे? त्याने गोचिडी पाळल्या. अंड्यातून पिल्लू, पिल्लातून मधली अवस्था, मग मोठी गोचीड, असा सगळा प्रवास तपासला. त्याला दिसलं की लहानपणी एकदा जंतू शिरला की तो मोठेपणापर्यंत टिकतो. आणि रोगट मादी अंडी घालते तेव्हा जंतू त्या अंड्यांतूनच पुढच्या पिढीत जाऊ शकतो. वारशाने घर मिळावं तसा रोग मिळतो.

हे सगळ्यांना आवडलं असं समजू नका. खोऱ्यात जमिनीचे व्यवहार जोरात होते. आमच्या खोऱ्यातली गोचीड माणूस मारते हे जगजाहीर झालं तर जमीन घेणार कोण? त्यामुळे गोचिडीची गोष्ट मान्य नसणारेही भरपूर होते. पुढे १९१३ मध्ये गुरांना औषधाच्या पाण्यातून काढायला सरकारने हौद बांधले, तर त्यातला एक लोकांनी चक्क सुरुंग लावून उडवला. गोठ्यावर सरकारी माणूस आला की कपाळाला आठी पडते, ती सगळीकडे सारखीच म्हणायची.

आता राहिला जंतू. तो काही सापडेना. बाटलीत वाढवायला जावं तर वाढत नाही. बारीक गाळणीतून रक्त गाळलं तर पलीकडे जात नाही, म्हणजे तो अगदीच अदृश्य नसणार. शेवटी रक्तात आणि गोचिडीच्या अंड्यांत त्याला सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय बारीक, टोकांना गडद दिसणारे जिवाणू दिसले. १९०९ साली त्याने ते जाहीर केलं, पण इतक्या सावधपणे की शोधनिबंधाच्या शीर्षकातच वरवर पाहता अशा अर्थाचा शब्द घातला. नावही दिलं नाही. कारण प्रयोगशाळेत वेगळा वाढवून दाखवल्याशिवाय जंतू सिद्ध झाला असं त्या काळी मानत नसत. हा जिवाणू जिवंत पेशीच्या आतच वाढतो, हे कळायला अजून वेळ होता.

पैसे आले नाहीत

आता इथे गोष्ट फिरते.

बिटररूटचं काम पुढे न्यायला मोंटाना सरकारकडून निधी येणार होता. मंजुरी झाली, पण पैसे वेळेवर हातात पडले नाहीत. रिकेट्स वाट बघत बसणाऱ्यातला नव्हता. मेक्सिको सिटीत तेव्हा तबार्दियो नावाच्या तापाची साथ होती. हा म्हणजे टायफस. टायफॉइडशी नावापुरतंच साम्य, रोग वेगळा. ताप आणि ठिपके बघून रिकेट्सला आपल्या बिटररूटच्या तापाची आठवण झाली. डिसेंबर १९०९ मध्ये रसेल वाइल्डर या तरुण सहकाऱ्याला घेऊन तो मेक्सिकोला गेला.

तिथे काही महिन्यांतच दोघांनी बरंच काम उरकलं. टायफस कपड्यांत राहणाऱ्या उवांमुळे पसरतो हे त्यांनी दाखवलं. ट्युनिसमध्ये शार्ल निकोल याने हे आदल्याच वर्षी दाखवलं होतं आणि त्यासाठी त्याला पुढे १९२८ चं नोबेल मिळालं. रिकेट्स आणि वाइल्डर यांनी एकदा टायफस होऊन गेलेल्या आणि ठिपक्यांचा ताप होऊन गेलेल्या प्राण्यांची तुलना केली आणि हे दोन भाऊ असले तरी एक नव्हेत हेही सांगितलं. टायफसच्या रोग्यांच्या रक्तात आणि उवांच्या पोटातही त्यांना तसेच बारीक जिवाणू दिसले.

इकडे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापकपद ठरलं होतं. मेक्सिकोतलं काम संपवून तिकडे रुजू व्हायचं. पण काम संपत आलं असतानाच रिकेट्सला स्वतःलाच टायफस झाला. ३ मे १९१० ला तो मेक्सिको सिटीत गेला. वय ३९. मागे बायको आणि दोन लेकरं. मेक्सिको सरकारने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. देह अमेरिकेत आणून इलिनॉयमधल्या कर्कवुड या मायराच्या गावी पुरला.

पाच वर्षांनी स्टॅनिस्लाउस फॉन प्रोवाझेक हा दुसरा संशोधकही टायफसवर काम करताना टायफसनेच मेला. १९१६ मध्ये त्याचा सहकारी रोशा लिमा याने टायफसच्या जंतूचं नाव ठेवलं रिकेट्शिया प्रोवाझेकी. दोन्ही मेलेल्या माणसांची नावं एका जंतूला. बिटररूटच्या जंतूला पुढे रिकेट्शिया रिकेट्सी हे नाव मिळालं, म्हणजे एकाच माणसाचं नाव दोनदा.

बिटररूटमध्येही बळी चालूच होते. १९१२ ला थॉमस मॅक्लिंटिक हा सरकारी डॉक्टर तिथे गोचीड निर्मूलनाचं काम करता करता याच तापाने गेला. १९२० च्या दशकात हॅमिल्टन गावात रोगट गोचिडी वाटून लस बनवायचं काम सुरू झालं, त्यातही प्रयोगशाळेतली माणसं दगावली. त्याच गावात १९२८ ला उभी राहिलेली रॉकी माउंटन प्रयोगशाळा आजही सुरू आहे.

मग एक काठ का वाचला?

रिकेट्सने रोग कोण आणतं ते सांगितलं. जंतूही पाहिला. पण एका ठिकाणी हा ताप जहाल आणि दुसऱ्या ठिकाणी मवाळ का, हे त्याच्या हयातीत कळणं शक्यच नव्हतं. त्यासाठी जंतूच्या पोटातली अवजारं मोजता यायला हवी होती.

ही अवजारं म्हणजे प्रथिनं. पेशीला चिकटायचं, आत शिरायचं, पेशीच्या आत सरकायचं, शेजारच्या पेशीत घुसायचं, ही सगळी कामं जिवाणू आपल्या प्रथिनांकरवी करतो. रिकेट्शिया रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात शिरतो. अस्तर फाटलं की रक्त पाझरतं. अंगावर दिसणारे ठिपके म्हणजे हीच गळती. तीच मेंदूत आणि फुफ्फुसात झाली की माणूस जातो.

आता वाण. ज्वारी एकच, पण मालदांडी वेगळी आणि हायब्रिड वेगळी. तसे एकाच जिवाणूचेही वाण असतात. १९५० च्या दशकात गिनिपिगवरच्या प्रयोगांत दिसलं की पश्चिम मोंटानातल्या गोचिडींमध्येच जहालपासून मवाळपर्यंत वेगवेगळे वाण आहेत. आयडाहोचा ताप सौम्य असण्यामागेही वाणांचा फरक असावा, हा तर्क त्यातूनच बळकट झाला.

पण वाणात नेमकं काय वेगळं? २००८ मध्ये हॅमिल्टनच्याच प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दोन वाण शेजारी ठेवले. एक मोंटानातल्या रोग्याकडून मिळालेला जहाल, दुसरा आयोवा नावाचा, गिनिपिगला फारसं काही न करणारा. दोघांची जनुकं कमालीची सारखी निघाली. फरक थोड्याच ठिकाणी होते. त्यातला एक डोळ्यात भरणारा. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर असणारं, पेशीला चिकटण्याशी जोडलेलं ओम्प-ए नावाचं प्रथिन आयोवा वाणात तयारच होत नव्हतं. ओम्प-बी नावाचं दुसरं तयार होत होतं, पण त्याची नीट काटछाट होत नव्हती.

वाटलं, सापडला गुन्हेगार. पण २०१५ मध्ये जहाल वाणातलं ओम्प-ए मुद्दाम मोडून बघितलं, तर तो गिनिपिगला पूर्वीइतकाच आजारी पाडत होता! आरोपी निर्दोष सुटला. मग नजर वळली आर्प-२ नावाच्या प्रथिनाकडे. आयोवा वाणात ते आखूड आहे. पूर्ण लांबीचं आर्प-२ आयोवात घातलं, तेव्हा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या थरात तो एरवी पाडत नव्हता तशी भोकं पाडू लागला. तरीही सगळा दोष एकट्या प्रथिनावर टाकता येत नाही. जहालपणा हे बहुधा टोळीचं काम आहे.

आणि पूर्व काठ? त्याचं उत्तर तर भन्नाट आहे. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर याला पूर्व काठाच्या गोचिडींमध्ये भलताच रिकेट्शिया सापडला. लाइम रोगाचा जंतू शोधणारा बर्गडॉर्फर तो हाच. हा रिकेट्शिया माणसाला काही करत नाही. तो मादी गोचिडीच्या अंडाशयात ठाण मांडून बसतो. आणि तो आधीच बसलेला असला की मारक रिकेट्शियाला अंड्यांतून पुढच्या पिढीत जाता येत नाही. रिकेट्सने शोधलेली ती वारशाची वाट इथे बंद! १९९७ मध्ये याला रिकेट्शिया पीकॉकी हे नाव मिळालं. २००९ मध्ये त्याच्या जनुकांची मारक भावाशी तुलना झाली, तेव्हा दिसलं की याची कित्येक अवजारं मोडलेली आहेत. ओम्प-ए बिघडलेलं, पेशीच्या आत सरकण्याशी संबंधित एक प्रथिन तुटलेलं. म्हणजे हा मारक जिवाणूचा जवळचाच नातलग, फक्त दात पडलेला. आणि त्या बोळक्या नातलगाने आख्खा नदीकाठ सांभाळला होता.

आपल्याकडचं काय?

हा अमेरिकेचा विषय म्हणून सोडून देता येत नाही. बिटररूटचा वाण भारतात नाही, पण त्याच घराण्यातला रिकेट्शिया कोनोरी आहे, आणि त्याचा इथला उपप्रकार इंडिका नावानेच ओळखला जातो. १९५० साली तो भारतातल्या कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडीतून वेगळा काढला गेला. होणाऱ्या रोगाला इंडियन टिक टायफस म्हणतात. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये मुलांमधल्या अशा ठिपक्यांच्या तापावर अभ्यास छापला आणि तो लवकर कसा ओळखायचा यासाठी लक्षणांना गुण देण्याची पद्धत सुचवली. कारण आपल्याकडे ताप म्हटलं की आधी डेंगी, मलेरिया, टायफॉइड असंच डोक्यात येतं.

सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे गाजलेला माकडतापही गोचिडीमुळेच होतो, पण तो विषाणू आहे आणि त्यावर हे औषध चालत नाही. रिकेट्शियावर मात्र डॉक्सिसायक्लिन हे जुनं आणि स्वस्त औषध आहे. ते पहिल्या काही दिवसांत मिळालं तर रोगी बहुधा वाचतो. रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी तपासणी सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, म्हणून लक्षणांवरून संशय आला की डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात. रिकेट्सच्या काळात हे औषध नव्हतं. रिकेट्शियाला मारणारी प्रतिजैविकं १९४० च्या दशकाच्या शेवटी हाती आली.

मढच्या गोठ्यातल्या गोचीड तापाचा जंतू वेगळा, तो माणसाला होत नाही. पण गुरं राखणारा, जंगलात लाकूड-सरपणाला जाणारा, घाटात गवतात फिरायला गेलेला आणि घरात कुत्रा पाळणारा, या सगळ्यांना गोचीड लागू शकते. ती बोटांनी चिरडू नका, कारण रिकेट्शिया तिच्या शरीरातल्या द्रवातही असतो. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा आणि मग हात साबणाने धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, जबर डोकेदुखी किंवा तळहात-तळपायावर ठिपके आले, तर डॉक्टरांना सगळ्यात आधी गोचीड चावल्याचं सांगा. दवाखान्यात लोक नेमकं हेच सांगायचं विसरतात.